सहा प्रश्नचिन्हांचा शब्द
तृतीय वर्ष कला (मराठी)

मराठी विषय घेऊन शेवटच्या वर्षात बसलेल्या मुलीने संगणकाविषयी लिहावे, हे पाहून काही वाचक पान उलटतील याची मला कल्पना आहे. संपादक मंडळातल्या एका मैत्रिणीने तर सरळच विचारले, “अगं, पावसावर का नाही लिहीत?” पावसावर आपल्या अंकात दरवर्षी कुणी ना कुणी लिहितेच, यंदाही लिहिले असेल. मला लिहायचे आहे ते स्वल्पविरामाविषयी आणि प्रश्नचिन्हाविषयी. व्याकरणाच्या तासाला या दोघांकडे मी कधी मान वर करून पाहिले नव्हते. त्याचा त्यांनी पुरेपूर सूड घेतला.

त्याचे असे झाले. दरवर्षी २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो. फलक लागतो, रांगोळी पडते, दोन भाषणे होतात आणि २८ तारखेला रांगोळी झाडून निघते. गेल्या वर्षी विभागातल्या सरांनी बैठकीत सांगितले, “या वेळी असं काहीतरी करा, की जे अठ्ठावीस तारखेलाही राहील.” नेहमीप्रमाणे शांतता पसरली. ती मला सहन होईना म्हणून मी बोलून गेले, की ग्रंथालयातल्या तीन संगणकांच्या पडद्यांवर कोपऱ्यात एक छोटीशी चौकट ठेवू. रोज सकाळी तिच्यात एक जुना शब्द उमटेल, अर्थासह आणि वाक्यासह. सर म्हणाले, “छान. तूच कर.” बैठकीत तोंड उघडणाऱ्याचे काय होते, ते त्या दिवशी कळले.

अशा चौकटीला विजेट म्हणतात हे मला मावसभावाने सांगितले. तो संगणकशास्त्र शिकतो, माझ्याहून वर्षाने लहान आहे आणि मला ‘तायडे’ म्हणतो. त्याने हेही सांगितले, की पडद्यावर घड्याळ, हवामान वगैरे दाखवणाऱ्या या चौकटींची २००३ ते २००७ च्या सुमारास मोठी हौस होती आणि ती हौस आता ओसरली आहे. अॅपलने आपल्या संगणकांवर २००५ मध्ये आणलेला त्यांचा पट २०१९ मध्ये काढूनही टाकला. म्हणजे जुने शब्द दाखवायला आम्ही साधनही जुनेच निवडले होते. मला त्यात काही वावगे वाटले नाही.

शब्दांचा प्रश्न नव्हता. शब्द आबांकडे होते.

आबा म्हणजे माझे आजोबा. वय चौऱ्याऐंशी. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी त्यांनी वयाच्या बाराव्या वर्षापासून मोट हाकली. विहिरीवर इंजिन आले, मग विजेचा पंप आला आणि मोट गेली. पण मोटेचे शब्द आबांच्या तोंडात तसेच राहिले. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी, एवढे आपल्याला पाठ्यपुस्तकामुळे ठाऊक असते. तिला दोर दोन असतात हे मला ठाऊक नव्हते. वरच्या चाकावरून येतो तो जाड नाडा. तो मोटेचे तोंड ओढतो. खालच्या लाकडी रुळावरून येतो तो बारीक सोंदूर. तो मोटेची सोंड धरून ठेवतो. बैल उतारावरून खाली चालत जातात, तो उतार म्हणजे धाव. मोट वर आली, की सोंदुराच्या ओढीने सोंड पुढे पसरते आणि पाणी भसकन थारोळ्यात पडते. हे सांगताना आबांचे दोन्ही हात आपोआप दोर धरल्यासारखे होतात. मी एका दोनशे पानी वहीत हे सारे उतरवून घेतले होते. वही भरली नव्हती, पण शब्द दीडशेच्या वर झाले होते.

वही घेऊन मी मावसभावाकडे गेले. मला वाटले, तो विचारील चौकट कोणत्या रंगाची हवी. त्याने विचारले, “डेटा कुठल्या फॉरमॅटमध्ये देणार?”

प्रश्न मला समजला नाही, त्याने समजावला. शब्द एका फाईलमध्ये राहणार, चौकट दाखवणारा प्रोग्रॅम निराळा राहणार. एकाने लिहिलेले दुसऱ्याला कळायचे, तर कुठे काय लिहायचे हे आधी ठरायला हवे. परीक्षेच्या अर्जात जशा आखलेल्या चौकटी असतात, नाव इथे, आडनाव तिथे, तसेच. आणि आडनावाच्या जागी गावाचे नाव लिहिले तर विद्यापीठ ते आडनाव म्हणूनच छापून पाठवते, याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे.

तो म्हणाला, “जेसन घे.” मी विचारले, सर्वांत सोपे काय? तो नाखुशीने म्हणाला, “सीएसव्ही.” म्हणजे काय, तर एका ओळीत एक नोंद आणि दोन रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम. बस्स! मला हे फारच आवडले. मी हट्टाने तेच घेतले. रकाने ठरवले चार: शब्द, वाक्य, अर्थ, लिंग.

पहिल्या दिवशी ‘मोट’ हाच शब्द लावला. आबांनी दिलेले वाक्य होते, “मोट, नाडा, सोंदूर, समदं इकलं न् इंजिन आणलं.” प्रोग्रॅमला बिचाऱ्याला काय ठाऊक, की हे स्वल्पविराम आबांचे आहेत आणि बाकीचे माझे? सकाळी ग्रंथालयाच्या तीनही पडद्यांवर झळकले: शब्द, मोट, वाक्य, मोट, अर्थ, नाडा, लिंग, सोंदूर. व्याकरण शिकवणाऱ्या मॅडम चष्मा वर करून बराच वेळ ते वाचत उभ्या होत्या. “चौथं लिंग सापडलं वाटतं,” एवढेच म्हणाल्या आणि निघून गेल्या.

यावर नियम आहे. ज्या रकान्यात स्वल्पविराम येतो तो रकाना दुहेरी अवतरणचिन्हांत घालायचा, आणि आतच अवतरणचिन्ह आले तर ते दोनदा लिहायचे. सीएसव्हीचा वापर कितीतरी जुना; पण हे नियम आरएफसी ४१८० या टिपणात नीट लिहून निघाले ते २००५ च्या ऑक्टोबरात. तोवर जो तो आपापल्या रीतीने चालत होता आणि अजूनही बरेच जण तसेच चालतात. मावसभावाने प्रोग्रॅम दुरुस्त केला. मी म्हणाले, “बघ, काही बिघडलं नाही.”

बिघडायचे पुढेच होते.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आबा आमच्याकडे दहा दिवस राहायला आले होते. एका दुपारी मी त्यांना महाविद्यालय दाखवायला आणले. मला तास होता म्हणून त्यांना ग्रंथालयात काकूंजवळ बसवून गेले. ग्रंथालयातल्या काकूंना आपण सारेच ओळखतो. पुस्तक उशिरा परत केले तर त्या काय बोलतात हेही ओळखतो. पण काकू मूळच्या खेड्यातल्या. आबांनी एक शब्द काढला की काकूंना दुसरा आठवे. दोघांचे असे सूत जमले, की काकूंनी समोरचा संगणक ओढला आणि आबा सांगतील तसे तक्त्यात टंकायला सुरुवात केली. मी दोन तासांनी परत आले तेव्हा एकेचाळीस शब्द झाले होते. मोटेचे, गाडीचे, खळ्याचे, कणगीचे. वहीत यातला एकही नव्हता. मी वरवर नजर फिरवली आणि अतिशय हुशारीने म्हणाले, “काकू, सेव्ह करताना सीएसव्ही निवडा हं.” काकूंनी निवडले. पडद्यावर काहीतरी सूचना आली, काकूंनी माझ्याकडे पाहिले, मी म्हणाले, “ओके करा.”

दुसऱ्या दिवशी फाईल उघडली तेव्हा तिच्यात एकेचाळीस ओळी होत्या. प्रत्येक ओळीत तीन स्वल्पविराम अगदी जागच्या जागी होते, अवतरणचिन्हे होती, शब्दांमधल्या मोकळ्या जागासुद्धा होत्या. फक्त अक्षरे नव्हती. प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह होते. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हे.

मावसभाऊ संध्याकाळी आला. त्याने पाहिले आणि तो गप्प झाला. तो गप्प झाला म्हणजे काम कठीण असते. कारण त्याने सांगितले ते असे. संगणकाच्या पोटात अक्षर नसते, आकडा असतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे जगातल्या लिप्यांसाठी युनिकोडने ठरवले आहे आणि १९९१ पासून देवनागरीलाही त्यात जागा आहे. ते आकडे फाईलमध्ये उतरवण्याच्या रीती मात्र अनेक. सर्वांत चालणारी रीत यूटीएफ-८. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी ती १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत ताटाखालच्या कागदावर मांडली. काकूंच्या तक्त्याच्या प्रोग्रॅममध्ये सीएसव्हीचे दोन पर्याय होते, एक नुसता आणि एक यूटीएफ-८ चा. नुसता पर्याय जुन्या, फक्त रोमन अक्षरे सामावणाऱ्या कोष्टकातून जातो. त्या कोष्टकात ‘थ’ नाही, ‘ळ’ नाही. जे नाही त्याच्या जागी तो प्रोग्रॅम प्रश्नचिन्ह ठेवतो. “वेडीवाकडी अक्षरं दिसली असती ना तायडे, तर उलटं फिरवून परत आणता आली असती,” तो म्हणाला. “पण प्रश्नचिन्ह म्हणजे प्रश्नचिन्हच. त्याच्या मागं काही नाही.”

पडद्यावर जी सूचना आली होती ती हीच असणार. मी ‘ओके करा’ म्हणाले होते. काकू मात्र पुढे आठवडाभर मला पाहिले की म्हणत, “माझ्या हातनं गेलं गं.” पुस्तक उशिरा दिल्याबद्दल त्या दिवसांत त्या कुणालाच बोलल्या नाहीत.

आबा तोवर गावी परतले होते. मी ती प्रश्नचिन्हे कागदावर छापून घेतली आणि रविवारची एसटी धरली.

ओसरीवर बसून मी त्यांना काय झाले ते सांगितले. रागावतील असे वाटले होते. ते रागावले नाहीत. कागद हातात घेऊन, नव्या डोळ्याजवळ धरून त्यांनी बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, “सांगून झालं म्हंजे तुज्याकडं ऱ्हायलं, असं म्हनून म्या सोडून दिलतं की गं.” म्हणजे काय ते मला आधी समजले नाही. दीडशे शब्द वहीत गेल्यावर आणि एकेचाळीस संगणकात गेल्यावर आबांनी ते डोक्यात धरून ठेवायचे बंद केले होते.

मग मला एक गोष्ट लक्षात आली. प्रश्नचिन्हांची संख्या खोटी नव्हती. व्यंजनाला एक, मात्रेला एक, अनुस्वाराला एक. ‘मोट’ म्हणजे म, ओची मात्रा आणि ट, तीन प्रश्नचिन्हे. ‘नाडा’ची चार. मी आबांना म्हणाले, “आबा, हा बघा, सहाचा शब्द आहे. अर्थ सहा शब्दांत सांगितलाय तुम्ही.” आबा म्हणाले, “सोंदूर.” मी बोटांवर मोजले, बरोबर सहा. पण सोंदूर तर वहीत आधीच होता. “मग थारोळं,” आबा म्हणाले. तेही सहा, तेही वहीत. दोघांनाही हसू आले. आजी चहा घेऊन आली तिला वाटले, आम्ही काही जुगार खेळतो आहोत.

असे तीन रविवार गेले. शब्दांच्या लांबीवरून, वाक्यातल्या मोकळ्या जागांवरून, स्वल्पविरामांवरून आम्ही एकेक शब्द ओढून वर काढला. काही आबांनी सांगितले, काही आजीने, तीन काकूंना आठवले. एकेचाळीसपैकी तेहतीस जमले. आठ राहिले.

यानंतर मी मावसभावाला म्हणाले, आता तू सांगशील ते. पण सरांच्या कानावर हे गेले होते आणि त्यांचे मत निराळे होते. सर म्हणाले, कोशाचे काम आहे तर एक्सएमएल घ्या. १९९८ मध्ये मान्यता पावलेली ही पद्धत, प्रत्येक भागाच्या सुरुवातीला एक खूण आणि शेवटी एक खूण. साहित्याच्या अभ्यासकांनी संहिता संगणकावर ठेवण्याचे जे नियम १९८७ पासून एकत्र येऊन घडवले, तेही आज याच पद्धतीत आहेत. सरांच्या मुद्द्यात वजन होते आणि ते आमच्या मराठीमुळे होते. चौकटीत वाक्य दाखवताना त्यातला मूळ शब्द ठळक दिसावा, अशी माझी इच्छा होती. मावसभाऊ म्हणाला, सोपं आहे, वाक्यात तो शब्द शोधायचा. शोधला, सापडेना! कारण वाक्यात ‘नाडा’ नसतो, ‘नाड्याला’ असतो; ‘सोंदूर’ नसतो, ‘सोंदराला’ असतो. सामान्यरूप नावाची जी गोष्ट आपण पाच गुणांसाठी पाठ करतो, ती इथे दत्त म्हणून उभी राहिली. एक्सएमएलमध्ये वाहत्या वाक्यातच त्या शब्दाला खूण घालता येते. जेसनमध्ये तशी सोय नाही.

तरीही शेवटी आम्ही जेसनच घेतले. एक्सएमएलची फाईल मी दोन दिवस भरून पाहिली. शब्दापेक्षा खुणाच जास्त, आणि एक खूण बंद करायची राहिली की सारे अडते. जेसनचे तसे थोडेसेच आहे. महिरपी कंसात नाव आणि त्याचे मूल्य, चौकोनी कंसात यादी. डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००२ च्या सुमारास ही पद्धत जगापुढे ठेवली. आपण ती निर्माण केली नाही, फक्त आपल्याला ती सापडली, असे ते म्हणतात. असे म्हणणारा माणूस मला आवडला. शिवाय दोन ठिकाणांमध्ये देवाणघेवाण होताना मजकूर यूटीएफ-८ मध्येच असला पाहिजे, असे २०१७ च्या नियमात स्पष्ट आहे. माझी पोळलेली जीभ एवढ्यानेच शांत झाली.

पण खरे कारण ‘धाव’ होते. सीएसव्हीच्या दिवसांत अर्थाचा रकाना एकच, म्हणून मी ‘धाव’पुढे ‘पळणे’ असे लिहून मोकळी झाले होते. ते पाहून आबा म्हणाले होते, “हे कुनाला ठावं न्हाई?” धाव म्हणजे मोटेच्या बैलांचा उतार, धाव म्हणजे बैलगाडीच्या चाकावर चढवतात ती लोखंडी पट्टी, आणि धाव म्हणजे पळणे. एका शब्दाखाली तीन अर्थ, प्रत्येक अर्थाखाली वाक्य आणि सांगणाऱ्याचे नाव, हे एका सपाट ओळीत बसत नाही. मोल्सवर्थच्या कोशाचे पान उघडून पाहा. एका शब्दाच्या पोटात किती घड्या असतात! जेसनच्या यादीत तशा घड्या घालता येतात. सामान्यरूपासाठी आम्ही ‘वाक्यातले रूप’ असा एक वेगळा रकाना केला. सरांना ही पळवाट वाटते. आहेच ती.

तक्रारी माझ्याही आहेत. यादीतल्या शेवटच्या नोंदीनंतर चुकून स्वल्पविराम पडला तर अख्खी फाईल नामंजूर होते. आणि अवतरणचिन्ह सरळच लागते, आपण निबंधात काढतो तसे वळणदार चालत नाही. पहिली फाईल तयार झाली तेव्हा सगळे शब्द सांकेतिक आकड्यांत निघाले. ‘म’च्या जागी शून्य-नऊ-दोन-ई. संगणकाला ते बरोबर वाचता येत होते, पण काकूंचा चेहरा पुन्हा उतरला. एक सूचना बदलल्यावर अक्षरे दिसू लागली. रकान्यांची नावे मावसभावाला इंग्रजीत हवी होती. मी देवनागरीतच ठेवली आणि ती चालतात. काकू अजून तक्त्यातच भरतात, मात्र आता एका ओळीत एक शब्द नव्हे, एक अर्थ. त्यावरून मावसभावाचा प्रोग्रॅम जेसन बनवतो आणि मूळ तक्ता त्याच्या स्वतःच्या स्वरूपात तसाच राहतो. सेव्ह करताना काही विचारले, तर काकू आधी मला हाक मारतात.

राहिले ते आठ शब्द. मावसभाऊ म्हणाला, काढून टाकू. त्यावरून आमचे भांडण झाले. जेसनमध्ये रिकामी जागा दोन तऱ्हेची असते. एक म्हणजे नुसती अवतरणचिन्हे, आत काही नाही: इथे लिहिण्यासारखे काही नव्हतेच. दुसरी ‘नल’: इथे मूल्य नाही. सीएसव्हीत दोन्ही सारखीच दिसतात. मी त्या आठही नोंदी ठेवायला लावल्या. शब्दापुढे नल, सांगणाऱ्यापुढे आबांचे नाव आणि टीप या रकान्यात प्रश्नचिन्हांची संख्या. चौकट त्या ओलांडून पुढे जाते. वाचकाला काही कळत नाही.

हा लेख संपादकांकडे द्यायच्या आदल्या रात्री साडेनऊला गावाहून फोन आला. आबा एवढ्या उशिरा जागे नसतात म्हणून घाबरतच उचलला.

“पोरी, चाराचा हाय का गं एखादा?”

मी फाईल उघडली. चाराचे दोन होते.